घरातील धोक्याचे आवाज ओळखण्यासाठी स्मार्ट स्पीकर: गावी राहणाऱ्या आई-वडिलांसाठी कितपत उपयोगी?

गोदातीर:
नमस्कार. माझे आई-वडील परभणीत दोघेच राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. वडिलांना कमी ऐकू येते आणि आईचे गुडघे धरलेले असल्यामुळे तिला धावपळ जमत नाही. मध्यंतरी शेगडीचे बटण अर्धवट उघडे राहिले आणि गॅसचा वास घरातल्यांच्या आधी शेजारच्या काकूंना आला. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. स्मार्ट स्पीकर घरातील धोक्याचे आवाज ओळखून फोनवर संदेश पाठवतात, असे वाचनात आले. असा स्पीकर स्वयंपाकघराजवळ ठेवल्यास धूर, गॅसगळती किंवा कुणी पडल्याचे त्याला कळेल का, आणि तो आपणहून ११२ ला फोन लावेल का? उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर रात्रंदिवस चालतो आणि लाइट वरचेवर जाते, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

बालाघाट:
ताई, हे स्पीकर धूर किंवा गॅस ओळखत नाहीत; धूर ओळखणारे यंत्र जो अलार्म वाजवते, तो आवाज ते ओळखतात. घरात अलार्मच नसेल, तर स्वयंपाकघर धुराने भरले तरी स्पीकर गप्पच राहील. धुराच्या अलार्मचा ठेका प्रमाणित आहे: तीनदा वाजून थोडा विराम, पुन्हा तीनदा, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्ममध्ये तेच चारदा होते. आवाजाची पट्टी साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास असते, आणि स्पीकरमधील प्रणालीला नेमका हाच नमुना शिकवलेला असतो. ॲमेझॉनची अलेक्सा गार्ड ही सोय २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, ॲपलने होमपॉडला ती २०२३ मध्ये दिली. म्हणून खरेदीपूर्वी, आपण घेत असलेल्या स्पीकरवर ही सोय भारतात चालते का, याची दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता ॲपमध्ये खात्री करून घ्यावी.

तुमची मुख्य काळजी गॅसची आहे, आणि तिथेच एक अडचण आहे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणाऱ्या यंत्रांचे बझर निरनिराळ्या ठेक्यांत वाजतात, त्यामुळे धुराचा अलार्म ओळखणारा स्पीकर तेही ओळखेलच असे नाही. तरीही मी सांगेन की स्पीकरच्या आधी हे यंत्र घ्या. शक्य असेल तर स्वतःच वायफायवरून फोनवर संदेश पाठवणारे घ्या, म्हणजे मधला दुवाच लागत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे ते जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवावे. धुराचे यंत्र मात्र छताला लागते, पण शेगडीच्या अगदी वर नको. तव्यावर मिरच्या भाजल्या की ते किंचाळणार, आणि असे वरचेवर झाले की वडीलधारी माणसे त्याचा सेल काढून कपाटात ठेवून देतात. मग असून नसल्यासारखेच. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचे यंत्रही अवश्य घ्यावे, कारण त्या वायूला वासच नसतो.

११२ ला फोन लावण्याची आशा स्पीकरकडून ठेवू नये. अलेक्साच्या कॉलिंग सुविधेतून आपत्कालीन क्रमांक लागत नाहीत. संदेश पुण्यात तुमच्या फोनवर येईल आणि पुढचे सगळे तुम्हालाच करावे लागेल. त्या काकूंचा क्रमांक फोनमध्ये सर्वांत वर ठेवा आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दुधनाकाठ:
लाइटबद्दल: घरात ठेवण्याच्या बहुतेक स्पीकरना बॅटरी नसते, आणि राउटर बंद पडला की संदेशही जात नाही. दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावेत, किंवा राउटरसाठी निदान छोटा यूपीएस लावावा. कूलरच्या बाबतीत अंदाज बांधत बसू नये. कूलर पूर्ण वेगात चालू ठेवून, दारे नेहमीसारखी उघडी-बंद करून अलार्मचे चाचणीचे बटण दाबावे आणि पुण्यात तुमच्या फोनवर संदेश पोहोचतो का, ते पाहावे. बटण दाबल्यावर ठेका पूर्ण वाजत नसेल, तर बटण थोडा वेळ दाबून धरावे.

परिचारिका, लातूर:
वडिलांच्या ऐकण्याविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि नेहमीचा अलार्म नेमका त्याच पट्टीत वाजतो. झोपलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ५२० हर्ट्झचा जाडा आवाज अधिक चांगला जागा करतो. तसे अलार्म किंवा उशीखाली ठेवायचे कंप पावणारे उपकरण मिळाले, तर ते घ्यावे. पुण्यात तुम्हाला कळणे चांगलेच, पण पहिल्यांदा कळायला हवे ते त्यांना.

पडल्याचा आवाज स्पीकरला खात्रीने कळत नाही. भांडे पडले काय आणि माणूस पडले काय, ऐकणाऱ्या यंत्राला त्यातला फरक सांगणे कठीण आहे. त्यासाठी मनगटावरची घड्याळे अधिक उपयोगी आहेत. त्यांना हालचालीतला झटका जाणवतो. आवाजावर संशोधन होत आहे, हे खरे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये, हृदय बंद पडताना येणारी धापेसारखी श्वासाची घरघर स्मार्ट स्पीकरने ओळखता येते, हे दाखवले. सिएटलमधील ९११ क्रमांकावर आलेल्या खऱ्या फोनच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी ती प्रणाली शिकवली होती, आणि ६ मीटरपर्यंतच्या अंतरावर ती सुमारे ९७ टक्के वेळा बरोबर ठरली. पण ते संशोधन आहे, दुकानातल्या स्पीकरवर विसंबण्याजोगी सोय नव्हे. शिवाय अशा वेळी छातीवर दाब द्यायला माणूस तिथेच लागतो, म्हणून आईला आणि त्या काकूंना ते शिकवून ठेवा, आणि १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

गोदातीर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गॅसचे यंत्र आणि छतावरचा धुराचा अलार्म या आठवड्यातच बसवून घेते. आईचे एकच म्हणणे आहे: घरातले बोलणे सतत कुणीतरी ऐकत राहणार असेल, तर तिला तो स्पीकर नको. माइक रात्रीपुरता सुरू ठेवून दिवसा बंद केला, तर चालेल का?

बालाघाट:
चालेल, पण माइकचे बटण बंद असेपर्यंत अलार्मही ऐकला जाणार नाही, आणि शेगडी तर दिवसाच पेटते. आईंची हरकत रास्त आहे. त्यांना नकोच असेल, तर स्पीकर न घेता वायफायची गॅस आणि धुराची यंत्रे घ्या. ती बोलणे ऐकत नाहीत आणि संदेश तोच पाठवतात.