ज्यांच्या फीवर मंडळ चालतं त्यांनाच टाळं कोण लावणार?

माहुलचा_रहिवासी:
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सायनचं हेडऑफिस सरकारी पैशावर चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं. कायद्यात अनुदानाची सोय आहे, पण गल्ला मुख्यतः भरतो कंपन्यांच्या कन्सेंट फीने, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीसाठी त्या मंडळाला देतात त्या पैशाने. म्हणजे कंपनी बंद केली की आपलीच आवक बंद. वास येतो म्हणून रात्री तक्रार करा, माणूस येतो दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर वारा फिरलेला. सरळ बजेटमधून पैसे द्या ना!

कन्सेंटवाला:
का म्हणून? धूर त्यांचा आणि बिल तुमच्या-माझ्या टॅक्समधून? माझं कामच कन्सेंटचे अर्ज भरायचं आहे, घोळ वेगळाच आहे. फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, त्यामुळे स्क्रबर (धूर साफ करणारं यंत्र) चालू ठेवा नाहीतर वीजबिल वाचवायला रात्री बंद करा, फी तेवढीच, उलट नवा महागडा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बसवला तर गुंतवणूक वाढल्याने वरच्या स्लॅबमध्ये जायची भीती.

माहुलचा_रहिवासी:
मग हे माझ्याच बाजूचं झालं की 😄

ठाणेकर_काकू:
अहो, पाण्याचा सेस (उपकर) होता की, १९७७ च्या कायद्याचा. जेवढं पाणी वापराल तेवढा भरा, नियम मोडलात तर रेट जास्त. मंडळ गोळा करून केंद्राला द्यायचं, ८० टक्क्यांपर्यंत परत यायचं. २०१७ ला जीएसटी आला आणि तो गेला. त्यातल्या त्यात शहाणा कर होता तो.

कन्सेंटवाला:
काकू, परत कधी यायचं ते पण सांगा. दिल्लीच्या मर्जीवर होतं सगळं. बजेटमधून द्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, अनुदान म्हटलं की मंत्रालयात फाईल घेऊन उभं राहणं आलं, आणि मंत्र्याच्या मेव्हण्याचा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट असला तर मग बघायलाच नको. फी निदान हातात तरी असते.

माहुलचा_रहिवासी:
हातात आहे ना, मग माणसं का भरत नाहीत? दिल्ली-हरियाणाच्या मंडळांना रिकाम्या जागा भरा म्हणून सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. पैसा आहे पण सॅम्पल घ्यायला माणूस नाही, हा कुठला कारभार?

कन्सेंटवाला:
भरतीला सरकारची मंजुरी लागते हो. फी कंपनीची, लगाम सरकारचा. ते आधी सोडवा, मग फी बंद करायचं बोलू.