मदत हवी आहे: अमावस्येच्या भरतीला खाजनावर ड्रोन उडवायचा आहे, आधी काय तपासू?

बांधकरी:
नमस्कार मंडळी. परवा अमावस्या आहे. आमच्या खाजनाचा (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध फुटलाय. मोठ्या भरतीला खारं पाणी कसं आत घुसतं ते वरून टिपायचं आहे. कूळ संघाने कचेरीत तीन अर्ज दिले, बघायला कोणी आलं नाही. ड्रोन भाच्याचा आहे. परवानगी लागते का? जागेवर काय बघायचं? लवकर सांगा, ही भरती चुकली तर पंधरा दिवस गेले.

नभपाखरू:
गाव कुठला? ड्रोनचं वजन किती? नोंदणी आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लग्नशूटवाला:
२५० ग्रॅमच्या आतला असेल तर बिनधास्त उडवा, त्याला नियमच नाहीत. घ्यायचा असेल तर देशी घ्या, २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

नभपाखरू:
चुकीचं सांगू नका हो. नॅनोला (२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला) पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून नियमच नाहीत असं नव्हे. लाल-पिवळा पट्टा (जिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही) नॅनोलाही लागू आहे.

बांधकरी:
पेडणे तालुका, तेरेखोलच्या काठावर. खोक्यावर ५९५ ग्रॅम लिहिलंय. नोंदणी केली आहे, नंबर चिकटवलेला आहे. घ्यायचा नाही, आहे तोच उडवायचा आहे.

नभपाखरू:
पेडणे हे आधी सांगायला हवं होतं! म्हणजे मोपाचा विमानतळ. तुमचा ड्रोन मायक्रो गटात येतो (२५० ग्रॅम ते २ किलो). धंद्यासाठी उडवत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्र नको, पण त्रयस्थ विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हवाच. आता डिजिटल स्कायचा (सरकारच्या ड्रोन संकेतस्थळाचा) नकाशा उघडा आणि बांधावर बोट ठेवा. अंतर विमानतळाच्या कुंपणापासून धरतात, टर्मिनलपासून नव्हे. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे परवानगी नको. त्याहून जवळ असाल तर पिवळ्यात विमानतळाच्या हवाई नियंत्रणाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी काढा, आणि ती परवापर्यंत हातात येईल असं धरून चालू नका. उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघा. मोठा दौरा असला की राज्य सरकार ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा लावू शकतं.

लग्नशूटवाला:
मग नदीपलीकडून उडवा की. सिंधुदुर्ग लागला, गोव्याचा प्रश्नच मिटला.

नभपाखरू:
देशभर नियम एकच, ड्रोन नियम २०२१. विमानतळापासूनचं अंतर नदी ओलांडून बदलत नाही. आणि पलीकडे चिपीचा विमानतळ आहे, तोही नकाशावर बघावा लागेल.

मानसवाला:
ड्रोन राहू दे. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं कोण राखतं? आमच्याकडे मासळीसाठी मानस लिलावाने दिली. घेणारा दारं उघडी ठेवायचा, बांध आतून पोखरला गेला. वरच्या फोटोत पाणी दिसेल, खोली दिसणार नाही. भगदाडापाशी बांबू रोवा, दर अर्ध्या फुटाला खूण करा, भरती-ओहोटी दोन्ही वेळा फोटो काढा. आमचं काम त्यानेच झालं.

किनारी:
मानसवालेकाका, धागा ड्रोनचा आहे. बांधकरी, मी चोडणजवळ एक ड्रोन घालवलाय, म्हणून सांगतो. मी मानशीच्या सिमेंटच्या कठड्यावर ठेवून उडवला. आतल्या सळ्यांनी होकायंत्र बिघडलं, ड्रोन वर गेला आणि गोल गोल फिरायला लागला. खाली आणतोय तोवर पाण्यात. तेव्हापासून आदल्या दिवशी, त्याच वेळेला जातो आणि अर्धा तास नुसता उभा राहतो. माडाच्या झावळ्या बघायच्या. जमिनीवर वारा नसला तरी शेंडे हलत असतात, आणि दुपारनंतर समुद्राकडचा वारा चढतो. ब्राह्मणी घार कुठे बसते ते बघायचं, घरटं असेल तर ती ड्रोनवर झेपावते. परतीची उंची (ड्रोन आपोआप परत येतो ती) सगळ्यात उंच माडापेक्षा दहा-पंधरा मीटर जास्त ठेवायची. आणि उतरायला कोरडी जागा दोन ठिकाणी हेरून ठेवायची, कारण भरतीत पहिली बुडते.

लग्नशूटवाला:
होकायंत्र मोबाईलवरून नीट करता येतं, एवढं काही नाही.

किनारी:
सळ्यांवर उभं राहून नीट केलं तर आणखी बिघडतं.

बांधकरी:
संध्याकाळी जाऊन आलो. बांध हिरव्यात आहे, पण ८ ते १२च्या पट्ट्यात, म्हणजे २०० फूट. रोज त्या वाटेने जातो, तरी भगदाडापासून तीस पावलांवर विजेच्या तीन तारा जातात हे आज मान वर केली तेव्हा दिसलं. पलीकडच्या माडावर घारीचं घरटं आहे. म्हणून आता कठड्यावरून नाही, पूर्वेच्या उंच मेरेवरून उडवणार, तारांच्या अलीकडेच, दीडशे फुटांच्या वर नाही. शेजारच्या दोन्ही शेतकऱ्यांना सांगितलंय. भाच्याकडे विमा नाही. उद्या रात्रीपर्यंत मिळाला नाही तर ड्रोन घरीच राहील, पण भरती मोकळी जाऊ देणार नाही. बांबू आजच तोडून ठेवलाय. मानसवालेकाका, खाऱ्या पाण्यात कुठला रंग टिकतो?