मदत हवी आहे: चेन लॉकची क्लिप वाटेत पडली, इंदूरमध्ये ४२८ चा रिव्हेट लॉक कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, चेन ४२८ मापाची, ओ-रिंगवाली (पिनांवर ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या असलेली). राऊहून राजवाड्याकडे येताना चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप पडली. बाहेरची पट्टी पिनांवर घट्ट होती, म्हणूनच चेन सुटली नाही. सुटली असती तर पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं केसिंग फुटतं, नाहीतर मागचं चाक जाम होतं. एबी रोडवरच्या ट्रकांमध्ये हे जिवावरच बेतलं असतं.

क्लिपचं बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेलाच होतं, म्हणजे वरच्या बाजूला पुढे. मग पडली का? माझ्या मते पट्टी पुरती दाबली गेली नव्हती. ओ-रिंगा नीट दबल्याशिवाय पिनेवरची खाच पूर्ण उघडी पडत नाही आणि क्लिप नुसती वर टेकून राहते.

सियागंज बाजारात चार ओ-रिंगांसकट रिव्हेट लॉक (क्लिपऐवजी पिनांची टोकं फुलवून पक्का होणारा) मिळतो का? पिना फुलवायचं टूल असलेला मिस्त्री कुठे आहे? हातोडीने ठोकणारा नको, त्याने पीन तिरकी होते आणि कडी अडकते. साध्या चेनचा लॉकही सुचवू नका, त्याच्या पिना आखूड पडतात. तोवर गाडी उभीच आहे.