मदत हवी आहे : ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ बांधताना पंख एका बाजूला कलंडतात

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा रहिवासी असून ऑक्टोबरमध्ये हिमाचलातील तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटच्या मासेमारीसाठी जाणार आहे. आपल्या तापीत ट्राउट नसल्यामुळे सगळी तयारी घरातल्या टेबलावरच चालते. १८५४ मध्ये जेम्स राइट यांनी कॅनन (चर्चमधील धर्मगुरू) ग्रीनवेल यांच्यासाठी बांधलेली ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ ही वेट फ्लाय (गळावर पिसे-धागा बांधून केलेले, पाण्याखाली बुडणारे कीटकासारखे आमिष) मला जुन्या पद्धतीनेच बांधायची आहे.

फ्लायच्या अंगापर्यंतचे काम जमते. पिवळ्या रेशमी धाग्याला जोडे शिवणाऱ्या कारागिराकडचे काळपट मेण चोळले की तो शेवाळी होतो आणि त्यावर सोनेरी तारेचे वेढे फार देखणे दिसतात. (खानदेशी उन्हात मेण बोटांनाच चिकटते, म्हणून मी पहाटे बसतो.)

अडचण पंखांची आहे. पाळीव बदकाच्या डाव्या आणि उजव्या पंखांतील पिसांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून मी त्या १४ नंबरच्या गळावर चिमटीत धरतो. पण धागा आवळताच दोन्ही पट्ट्या पलीकडे कलंडतात आणि त्यांचे तंतू सुटे होतात. चिमटीत सैल फास घेऊन तो सरळ ओढूनही पाहिला, तरी फरक पडला नाही. पंखांच्या जागी आधी धाग्याचा सपाट थर द्यावा का, की गावरान कोंबडीचे मऊ पीस आधी गुंडाळल्याने तिथे उंचवटा होऊन पंख घसरत असतील? मेण लावलेला धागा फार जाड पडतो, अशीही मला शंका आहे.

ज्यांनी पंखांच्या फ्लाय स्वतः बांधल्या आहेत, त्यांनी कृपया क्रम आणि धाग्याचा ताण याविषयी सविस्तर लिहावे.