आगामी मैफलींना दोनशे रुपये तिकीट: बरोबर की चूक?

षड्जपंचम (सांगली)

आमच्या संगीत मंडळाने नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या चार मैफली जाहीर केल्या. नोव्हेंबरात किराणा घराण्याची एक तरुण गायिका, डिसेंबरात सतार, जानेवारीत नाट्यसंगीत आणि फेब्रुवारीत तबल्याचं एकलवादन. मंडळाला अनुदान नाही. जुन्या वाड्यातला हॉल आहे, दाटीने बसलं तर सव्वाशे माणसं मावतात. आजवर निमंत्रणपत्रिकेवर तळाला ठरलेली ओळ असायची: 'प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव.' या वेळी तिथे 'तिकीट रु. २००, विद्यार्थ्यांना रु. ५०' असं छापलंय आणि त्यावरून ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चाललंय. तिथे कुणी कुणाचं पूर्ण वाचत नाही, म्हणून इथे धागा काढतो.

माझं मत स्पष्ट आहे. तिकीट हवंच, खरं तर फार उशिरा लावलं.

मोफत मैफल कधीच मोफत नसते, पैसे कुणीतरी भरलेले असतात. आमच्याकडे ते प्रायोजक भरायचे. मग त्यांचा सत्कार, त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, त्यांचं मनोगत, त्यांच्यासोबत आलेल्यांचे सत्कार. सहाची मैफल पावणेसातला सुरू. त्या पाऊण तासात मंचावर काय चाललेलं असतं ते पुढे बसणाऱ्यांनी बघितलंय. आत खोलीत दोन तंबोरे काळी चारला, म्हणजे गायिकेच्या सुराला, सुरेख लावून ठेवलेले असतात. बाहेर आणले की दिव्यांची ऊब आणि पंख्याचा वारा लागून पंचम उतरायला लागतो. गायिका एका हाताने सूर जुळवायचे मणी खालीवर करतेय, तारेला झंकार देणारा जवारीचा दोरा सरकवतेय, आणि माइकवर कुणाच्या तरी कार्याचा आढावा चालू आहे. गळा गरम करून आलेल्या माणसाला असं बसवून ठेवणं हा त्याच्या कलेचा अपमान आहे, आणि आम्ही तो वर्षानुवर्षं केला. राखीव सोफे मध्यंतरानंतर रिकामे. मागे मात्र लोक भिंतीला टेकून उभे.

तिकीट घेणाऱ्या सव्वाशे लोकांनी मैफल पेलली, तर त्या संध्याकाळचा यजमान श्रोता होतो. मला हेच हवंय.

कृष्णाकाठ

माझा तिकिटाला विरोध आहे. तुमच्या पोस्टमधली सत्कारांबद्दलची तक्रार शंभर टक्के मान्य करूनही आहे. सत्कार बंद करायला तिकीट कशाला लागतं? समितीने ठरवावं, भाषणं नाहीत. झालं.

आपण सांगली-मिरजेत राहतो. किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांना दफन केलं. तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. नावाजलेले कलाकार येतात, हजेरी लावतात, आणि ऐकायला कोण बसलेलं असतं? भाजीवाला, रिक्षावाला, हॉस्पिटलात पेशंटजवळ आलेला कर्नाटकातला माणूस, शिकणारी पोरं. त्यातल्या निम्म्यांना राग ओळखता येत नसेल. पण रात्री दोनला ती माणसं हललेली नसतात. या गावात कान असे तयार झाले, दाराशी कुणी न अडवल्यामुळे.

दोनशे रुपये तुम्हाला मला काहीच नाहीत. पण नवरा-बायको आणि दोन मुलं म्हटली की पाचशे, वर रिक्षा. ज्यांनी कधी गाणं ऐकलेलं नाही ते आवडेल की नाही हे माहीत नसताना पाचशे रुपये घालणार नाहीत. त्यांनी का घालावेत? म्हणजे जे आधीच रसिक आहेत तेच येणार, आणि ते दरवर्षी एकेक करून कमी होणार.

तीनताल

मी तबल्याची साथ करतो. जिल्ह्यातल्या अशाच हॉलांमध्ये बरीच वर्षं वाजवलंय, म्हणून साथीदाराच्या बाजूने थोडं.

मुख्य कलाकाराचं मानधन फोनवर आधी ठरतं. तबला आणि संवादिनीचं 'बघू, देऊ काहीतरी' असतं. कार्यक्रम झाला की शाल, नारळ, गुच्छ, आणि एक पाकीट. ते सगळ्यांसमोर उघडायचं नसतं. गाडीत बसल्यावर उघडायचं आणि गप्प बसायचं. एका ठिकाणी पाकिटात निघाले त्यातून पुण्याचं जाण्यायेण्याचं भाडंही भागलं नाही, आणि त्याच संध्याकाळच्या फुलांच्या सजावटीचा खर्च माझ्या मानधनाच्या दुप्पट होता. तबल्याची एक पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलायची म्हटली तरी हजाराच्या घरात जाते. आणि पुडी काही शालीच्या बदल्यात मिळत नाही.

कृष्णाकाठ ताई, उरुसात मीही विनामोबदला वाजवलंय, पुढेही वाजवीन. ती हजेरी आहे, मनापासून दिलेली. पण मंडळाची मैफल ही हजेरी नाही. तिथे मी कामाला जातो. सेवेचा भाव तिथून उचलून इथे लावला की त्याचा भार नेहमी साथीदारावर येतो, मंडपवाल्यावर कधीच नाही.

जुना_श्रोता

तिकिटाची भीती ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही, आणि त्याला उत्तरही याच गावातून गेलेलं आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. गवयाला संस्थानिकाच्या मर्जीवर जगावं लागतं, चारचौघांत त्याला मान नाही, हे त्यांनी इथे जवळून पाहिलं आणि ते बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही लोकांच्या पैशावर. षड्जपंचम म्हणतात तो 'श्रोताच यजमान' हा विचार त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवला होता.

कृष्णाकाठ

काका, पुढचंही सांगा ना. त्याच विष्णु दिगंबरांची मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. एवढ्या मोठ्या माणसाला, एवढी वणवण करूनही, मैफली आणि वर्गण्यांच्या पैशावर संस्था तारता आली नाही. आपल्या सव्वाशे खुर्च्यांचं काय घेऊन बसलात? सगळ्या विकल्या गेल्या तरी पंचवीस हजार. त्यात तीन कलाकार, प्रवास, राहणं, जेवण, ध्वनिव्यवस्था बसवा पाहू. शेवटी प्रायोजक लागणारच. म्हणजे तिकीटही आणि सत्कारही.

वेळवटकर

तिकीट घेऊन आणखी एक होणार आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. समिती आता 'खपणारी' नावं शोधणार.

आपल्या मंडळाचं मोठेपण कशात होतं? ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा मुला-मुलींना अडीच तासांची पूर्ण बैठक मिळायची. मोठ्या महोत्सवात नव्या कलाकाराला पाऊण तास देतात. त्यात संथ लयीतला विलंबित ख्याल अंगात येईपर्यंत वेळ संपतो. इथे एखादी पंचविशीची मुलगी पूरिया रागाला तास देऊ शकायची, मध्येच चुकून सावरू शकायची, आणि श्रोते थांबायचे. दोनशे रुपये मोजलेला माणूस तसा थांबेल का? तो म्हणेल, एखादं अभंग-नाट्यगीत होऊ द्या. जानेवारीच्या नाट्यसंगीताला हॉल ओसंडेल, फेब्रुवारीच्या एकलवादनाला तीस माणसं येतील, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत एकलवादन नसेल. हे कुणी दुष्टपणाने करणार नाही. खजिनदाराच्या वहीतले आकडेच करतील.

षड्जपंचम (सांगली)

वेळवटकर, आत्तापर्यंत आलेला हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. यावर मला उपाय दिसतो तो असा: सुटं तिकीट कमी, चारही मैफलींचं मिळून एक सभासदत्व जास्त. चारींचे सहाशे. ज्याने आधीच पैसे भरलेत तो फेब्रुवारीतही येतो, आणि चार वेळा आलेला माणूस तबल्याचं एकल ऐकायला हळूहळू शिकतो. जुन्या म्युझिक सर्कल अशाच वार्षिक वर्गणीवर चालत आल्या आहेत, हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

कृष्णाकाठ ताई, पंचवीस हजारांत सगळं बसत नाही हे खरं. पण ध्वनिव्यवस्थेचा खर्च मला मुळात पटत नाही. सव्वाशे माणसांच्या लाकडी तक्तपोशीच्या हॉलमध्ये तंबोऱ्याला माइक कशाला? माइक काढला की भाडं वाचतं आणि तंबोऱ्याचा खरा झंकार कानावर पडतो. ज्या मिरज गावच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावातले श्रोते त्यांचा आवाज स्पीकरमधून ऐकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ध्वनी_तंत्र

माइक काढा म्हणणं सोपं आहे. मागच्या दोन रांगांत ज्येष्ठ मंडळी बसतात, त्यांना बंदिशीचे शब्द कळत नाहीत. आजच्या गायक-गायिकांचा रियाजही माइक धरूनच झालेला असतो, त्यांना एकदम विनामाइक बसवलं तर गळा ताणतात. कमी आवाजात, दोनच माइक ठेवून बसवता येतं. आणि रात्री दहाच्या नियमाची जी भीती ग्रुपवर कुणीतरी घातली, ती आपल्याला लागू नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंदिस्त सभागृहातल्या आतल्या वापराला मोकळीक आहे, आवाज बाहेर त्रासदायक होता कामा नये, एवढंच. दरबारीसारखा रात्रीचा राग अकराला ऐकायचा असेल तर या हॉलमध्ये ऐकता येईल. उघड्या मांडवातल्या महोत्सवांना ते भाग्य आता वर्षातले मोजकेच दिवस मिळतं.

फोंडेकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात उत्सवाला गाणं होतं, तिकिटाचा प्रश्नच येत नाही. पण तिथे देवस्थान आहे, त्याचा कारभार बघणारे महाजन आहेत, वर्षानुवर्षांची सोय आहे. तुमच्या मंडळामागे असं कुणी नसेल तर आमचं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही. मला तर तीनताल म्हणतात ते पटलं.

टेम्सकाठची

मी इंग्लंडमध्ये असते. इथेही छोट्या संगीत-हॉलांची हीच रड आहे, आणि इथे तर सगळीकडे तिकीट आहे! त्यामुळे नुसत्या तिकिटाने हॉल वाचतो असं समजू नका. भाडं वाढतं, जागामालक इमारत विकतो, हॉल बंद. म्हणून म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेने लोकांकडून छोटे समभाग घेऊन इमारतीच विकत घ्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ॲथर्टन गावातला 'द स्नग' हा त्यांनी घेतलेला पहिला हॉल, जेमतेम शंभर माणसांचा. आता जागामालक ट्रस्टच आहे, त्यामुळे कुणी हुसकावणार नाही.

दुसरी गोष्ट, मोठ्या स्टेडियममधल्या कार्यक्रमांनी आपल्या उत्पन्नातला वाटा छोट्या हॉलांना द्यावा, अशी चळवळ इथे चालू आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने २०२५ मधल्या आपल्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातले दहा टक्के द्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत ते नवी मुंबईत वाजवून गेले. तिथे तिकिटासाठी केवढी झुंबड होती ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे मोठ्या महोत्सवांना अशी मागणी कुणी केली आहे का? उद्याचा त्यांचा कलाकार आज तुमच्या सव्वाशे माणसांच्या हॉलमध्येच तयार होतोय.

तीनताल

टेम्सकाठची, ही मागणी मी सही करून पाठवायला तयार आहे.

हिशेबाचं एक सांगायचं राहिलं. तिकीट लावलं की जीएसटीची कटकट, असं ग्रुपवर कुणी लिहिलंय. मैफलीचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. शास्त्रीय कलाकाराच्या मानधनालाही दीड लाखापर्यंत सूट आहे. दोनशेच्या तिकिटाला ही सबब चालणार नाही.

कृष्णाकाठ

सभासदत्वाची कल्पना मला तिकिटापेक्षा बरी वाटते, पण माझा मूळ मुद्दा तिथेच आहे. सहाशे भरणारे नेहमीचेच असणार. नवा माणूस आत कसा येणार, यावर इथे एकानेही उत्तर दिलेलं नाही.

माझी मागणी लिहून देते, तीच सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. एक, दर मैफलीला पुढच्या तीस जागा गादीवर, मोफत, आधी येईल त्याला. राखीव सोफे काढून तिथेच. दोन, आजूबाजूच्या शाळांच्या संगीत शिक्षकांना आणि त्यांच्या मुलांना पन्नासही नको, शून्य. तीन, साथीदारांचं मानधन आधी लेखी ठरवायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यायचं, तिकीट खपो न खपो. हे तीन मान्य असतील तर मागच्या जागांना तुम्ही तीनशे लावा, मी भांडणार नाही.

वेळवटकर

पुढच्या जागा मोफत आणि मागच्या पैशाच्या? पैसे भरणारा ऐकून घेईल असं वाटत नाही.

षड्जपंचम (सांगली)

मी ऐकून घेईन. तंबोऱ्याजवळ शिकणारी पोरं बसलेली मला सोफ्यापेक्षा केव्हाही चालतील. तिसरी मागणी तर चर्चेविनाच मान्य व्हायला हवी. दुसरीही. पहिलीत तीसऐवजी वीस म्हणतो, कारण तीस गेल्या तर नोव्हेंबरच्या मैफलीत संवादिनीवाल्याचं मानधन तिकिटातून निघत नाही. आकडे मांडून सभेत दाखवतो.

कृष्णाकाठ

वीस नाही. तीसच. संवादिनीवाल्याचं मानधन फुलांच्या सजावटीतून काढा.