कपाटामागची बुरशी: ब्लीचआधी भिंत बघा
कपाटामागच्या भिंतीवर बुरशी आली की ब्लीच मारा, असा सल्ला मिळतो; तो टाइल्सपुरता ठीक. प्लास्टरवर नुसता काळा रंग जातो, तंतू आत राहतात आणि गणपतीपर्यंत डाग परत हजर! आधी ओल कुठून येते ते शोधा. ठाण्यात घोडबंदर रोडकडच्या उंच इमारतींत पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत असेल, तर बाहेरच्या भेगा सोसायटीने बुजवल्याशिवाय आतून नवा रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. नाहीतर बहुतेकदा कोंडलेली हवाच असते. कपाट चार बोटं पुढे ओढा, बेडरूममध्ये कपडे वाळत घालू नका (जुलैत हे सांगणं सोपं, कळतंय), एसी ड्राय मोडवर ठेवा. आर्द्रता ६० टक्क्यांखाली आली की बुरशीचा जोर ओसरतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.