मदत हवी आहे: हळदीच्या सोलर ड्रायरसाठी मेण घ्यावं की क्षार?

हळदवाला_वसमत:
नमस्कार मंडळी. शिजवलेली हळद खळ्यावर वाळायला १०-१५ दिवस लागतात आणि नेमका तेव्हाच अवकाळी येतो. म्हणून वेल्डरकडून सोलर ड्रायर करून घेतला. दुपारी आतली हवा ६० अंशांपर्यंत जाते, त्यावर मी जाऊ देत नाही. पण दिवस मावळला की पेटी लगेच गार. उष्णता साठवायला पीसीएम, म्हणजे वितळताना उष्णता घेऊन थिजताना परत देणारा पदार्थ, टाकायचा विचार आहे.

पॅराफिन मेण ५८-६० अंशांना वितळणारं मिळतं. किलोमागे साधारण २०० किलोज्यूल धरतं, पत्र्याला खात नाही. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट हे क्षारही ५८ लाच वितळतं, पण किलोमागे २५० च्या आसपास आणि मेणापेक्षा दीडपट जड. म्हणजे तेवढ्याच डब्यात जवळपास दुप्पट उष्णता. मन तिकडं ओढतंय. फोटो धुणाऱ्यांचा हायपो क्षार ४८ ला वितळतो. ग्लाउबर सॉल्ट ३२ ला, ते तर आपल्याकडं एप्रिलात सावलीतच पातळ होईल! पेटीत २० किलो पीसीएम मावेल. काय घेऊ?

परभणीकर:
भाऊ, ॲसिटेटच्या नादी लागू नका. ५८ च्या खाली गेलं तरी ते थिजत नाही, पातळच राहतं. मग उष्णता हवी तेव्हा सुटत नाही. घट्ट करणारं काही मिसळलं नाही तर क्षार तळाशी बसतो तो वेगळाच.

मेण घ्या, पण ५८ चं नको. ६० च्या हवेनं ते वितळायला दिवस पुरायचा नाही. ५०-५२ चं बघा आणि नळ्या हवेत न ठेवता काळ्या पत्र्याच्या मागं चिकटवा, तिथं जास्त तापतं. मेणात उष्णता लई हळू शिरते, म्हणून नळ्या बारीक हव्यात. वितळल्यावर मेण फुगतं, काठोकाठ भरू नका.

आता हिशोब. २० किलो मेण म्हणजे ४००० किलोज्यूल, जेमतेम एक युनिट वीज. एक किलो पाणी उडवायला २४०० च्या आसपास लागतात. म्हणजे रात्रभरात फार तर दीड किलो पाणी उडेल. ड्रायरमध्ये ओली हळद किती असते?

हळदवाला_वसमत:
दीड क्विंटल.

परभणीकर:
मग रात्री वाळवण्याचं डोक्यातून काढा. पंखा बंद, झडपा बंद, मेणाच्या उबेवर दव तेवढं धरू देऊ नका. आणि खर्चाच्या आधी एकदा पाण्याचे कॅन ठेवून बघा. २० लिटर पाणी ६० वरून ४० वर येताना १६०० च्या वर किलोज्यूल देतं, तेही फुकटात.

हळदवाला_वसमत:
कॅन काळे रंगवावेत का? आणि पत्र्याच्या मागं की खालच्या ट्रेवर?